नागरिकत्व अर्ज प्रलंबित असतानाचे परदेशी वास्तव्य

नागरिकत्व अर्ज प्रलंबित असतानाचे परदेशी वास्तव्य म्हणजे एखाद्या देशाच्या नागरिकत्वासाठी अर्ज दाखल केल्यानंतर, परंतु त्यावर अंतिम निर्णय होऊन शपथ घेण्यापूर्वीच्या काळात, अर्जदाराने त्या देशाच्या बाहेर राहणे होय. हा काळ काही महिन्यांचा असू शकतो, तसाच काही वर्षांचाही. या काळात अर्जदार नव्या देशाचा नागरिक झालेला नसतो आणि जुन्या देशाचे नागरिकत्वही गेलेले नसते. त्यामुळे त्याचे हक्क, त्याचा पासपोर्ट आणि त्याच्या प्रवासाची मुभा ही सर्व दोन देशांच्या कायद्यांवर एकाच वेळी अवलंबून राहतात.

येथे ‘परदेश’ हा शब्द ज्या देशाकडे अर्ज केला आहे त्याच्या दृष्टीने योजला जातो. अमेरिकेत स्थायी निवासी असलेली एखादी व्यक्ती आजारी आईच्या शुश्रूषेसाठी ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर येथे आली, तर तिच्या लेखी ती घरी आलेली असते. अमेरिकी कायद्याच्या लेखी मात्र ती परदेशी गेलेली असते. मुंबई महानगर प्रदेशातील अनेक कुटुंबांसमोर हा प्रश्न बहुधा याच रूपात उभा राहतो. याच्या उलट बाजूस भारताच्या नागरिकत्वासाठी अर्ज करून येथे राहणारे परदेशी नागरिक येतात. त्यांना भारताबाहेर जाण्याबाबत तशीच बंधने पाळावी लागतात.

वास्तव्याची गणना

बहुतेक देशांत नागरिकीकरणासाठी ठरावीक वर्षांच्या वास्तव्याची अट असते. ही मोजणी अर्जाच्या दिवशी थांबते की शपथेच्या दिवसापर्यंत चालू राहते, यावर प्रलंबित काळातील परदेशी वास्तव्याचे परिणाम ठरतात. ब्रिटन व कॅनडा या देशांत वास्तव्याचे दिवस अर्जाच्या तारखेपर्यंत मोजले जातात. अमेरिकेत मात्र अर्जानंतरही सलग वास्तव्याची अट कायम राहते. हा भेद लक्षात न घेता एका देशातील नातेवाइकाचा अनुभव दुसऱ्या देशातील अर्जदाराने प्रमाण मानणे, हे या बाबतीतील गैरसमजांचे एक प्रमुख कारण आहे.

दुसरा मुद्दा स्थायी निवासाच्या परवान्याचा आहे. नागरिकत्वाचा अर्ज दाखल झाला म्हणून हा परवाना आपोआप टिकत नाही. त्याच्या स्वतंत्र अटी असतात आणि शपथेपर्यंत त्या पाळाव्या लागतात. वास्तव्याचे दिवस पूर्ण भरलेले असूनही परवाना गमावल्यामुळे नागरिकत्व नाकारले जाऊ शकते.

अमेरिका

अमेरिकेच्या स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायद्यातील कलम ३१६ नुसार सर्वसाधारण अर्जदाराने स्थायी निवासी म्हणून, म्हणजे ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर, अर्जापूर्वी सलग पाच वर्षे अमेरिकेत वास्तव्य केलेले असावे लागते. त्यांपैकी किमान निम्मा काळ, म्हणजे ३० महिने, प्रत्यक्ष उपस्थिती आवश्यक असते. अमेरिकी नागरिकाशी विवाह झालेल्या व त्याच्यासोबत राहणाऱ्या व्यक्तीस ही मुदत तीन वर्षांची आहे. अर्जाचा नमुना ‘एन-४००’ या नावाने ओळखला जातो.

‘सलग वास्तव्य’ आणि ‘प्रत्यक्ष उपस्थिती’ या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. सहा महिन्यांहून अधिक परंतु एक वर्षाहून कमी काळ देशाबाहेर राहिल्यास वास्तव्याचे सातत्य खंडित झाले असे गृहीत धरले जाते. अमेरिकेतील नोकरी सोडलेली नाही, घर कायम आहे, निकटचे कुटुंब तेथेच आहे अशा पुराव्यांनी अर्जदार हे गृहीतक खोडून काढू शकतो. अनुपस्थिती एक वर्ष वा त्याहून अधिक असेल, तर सातत्य खंडित होतेच आणि स्पष्टीकरणाला फारसा वाव उरत नाही. त्यानंतर परतलेल्या सर्वसाधारण अर्जदारास साधारणपणे चार वर्षे व एक दिवस थांबून नव्याने अर्ज करता येतो. हे नियम अर्ज दाखल केल्यानंतरच्या काळालाही लागू आहेत, ही बाब कायद्याच्या मजकुरातच नमूद आहे.

दर सहा महिन्यांच्या आत एकदा अमेरिकेत पाऊल ठेवले की पुरे, असा समज भारतीय कुटुंबांत प्रचलित आहे. तो अपुरा आहे. लहान लहान फेऱ्या करूनही व्यक्तीचे खरे घर भाईंदरलाच आहे असे दिसून आले, तर अधिकारी केवळ नागरिकत्वाचा अर्जच नव्हे, तर ग्रीन कार्डही सोडून दिले गेले आहे का, याची चौकशी करू शकतो. पुनःप्रवेश परवाना कमाल दोन वर्षांसाठी मिळतो आणि दीर्घ अनुपस्थितीत ग्रीन कार्ड राखण्यास मदत करतो. नागरिकत्वासाठी लागणारे सलग वास्तव्य त्याने राखले जात नाही. त्यासाठी ‘एन-४७०’ हा वेगळा अर्ज आहे. तो अमेरिकी सरकार, मान्यताप्राप्त संशोधन संस्था, परदेशी व्यापारात गुंतलेल्या अमेरिकी कंपन्या, काही आंतरराष्ट्रीय संघटना आणि धार्मिक सेवेतील व्यक्ती अशा मोजक्या गटांसाठीच उपलब्ध आहे. आईवडिलांची शुश्रूषा हे कारण त्यात बसत नाही. म्हणूनच वृद्ध पालकांच्या आजारपणासाठी येणाऱ्या अर्जदाराला सहा महिन्यांची मर्यादा सर्वांत अडचणीची ठरते. आजारपण किती चालेल हे आधी कळत नाही, कायद्यातील मुदत मात्र ठरलेली असते.

बोटांचे ठसे, मुलाखत आणि शपथ या तिन्ही टप्प्यांसाठी सर्वसाधारण अर्जदारास अमेरिकेत हजर राहावे लागते. सैन्यातील व्यक्ती आणि त्यांचे काही कुटुंबीय यांना याबाबत सवलती आहेत. मुलाखतीस अनुपस्थित राहून ३० दिवसांत कारण न कळवल्यास अर्ज सोडून दिला असे मानून प्रकरण बंद केले जाते. पुढील एक वर्षात विनंती न केल्यास ते कायमचे निकाली निघते. निवासाचा पत्ता बदलल्यास १० दिवसांच्या आत कळवणेही बंधनकारक आहे. अमेरिकी नागरिक असलेल्या जोडीदाराची नेमणूक अमेरिकी सरकार वा पात्र संस्थेने परदेशात केली असेल, तर कलम ३१९ (ब) खाली पूर्ववास्तव्याची अट माफ होते. हा अपवाद मात्र अगदी अरुंद आहे.

ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया

ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायदा, १९८१ नुसार सर्वसाधारण अर्जदाराची पाच वर्षांतील अनुपस्थिती ४५० दिवसांहून आणि शेवटच्या वर्षातील ९० दिवसांहून अधिक नसावी, अशी अपेक्षा असते. पाच वर्षांच्या आरंभदिनी त्याने ब्रिटनमध्ये असणेही आवश्यक असते. अर्जानंतरचे दिवस या हिशेबात धरले जात नाहीत. तथापि आपले मुख्य घर ब्रिटनमध्येच राहील असा हेतू अर्जदाराने जाहीर करायचा असल्याने, अर्ज करताच सामान आवरून मायदेशी परतलेल्या व्यक्तीच्या हेतूविषयी शंका घेतली जाऊ शकते. ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदारास तीन वर्षांची मुदत व २७० दिवसांची मर्यादा असून त्याला ही हेतूची अट लागू नाही. मंजुरीनंतर तीन महिन्यांच्या आत नागरिकत्व समारंभात शपथ घ्यावी लागते. हे समारंभ २००४ पासून सुरू झाले.

कॅनडात अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष उपस्थिती लागते. स्थायी निवासी होण्यापूर्वी तात्पुरत्या परवान्यावर काढलेला प्रत्येक दिवस अर्धा धरला जातो आणि त्याची कमाल मर्यादा ३६५ दिवस आहे. कॅनडातच राहण्याचा हेतू जाहीर करण्याची अट २०१४ च्या दुरुस्तीने आली होती. ती २०१७ मध्ये रद्द झाली. त्यामुळे अर्जानंतर देशाबाहेर राहण्यास तेथे तुलनेने अधिक मोकळीक आहे. तरीही शपथेपर्यंत स्थायी निवासी दर्जा टिकवावा लागतो, म्हणजे पाच वर्षांत ७३० दिवसांची अट पाळावी लागते, आणि शपथेच्या वेळी कॅनडात असावे लागते.

ऑस्ट्रेलियात चार वर्षांच्या वास्तव्याची अट असून त्या काळातील एकूण अनुपस्थिती १२ महिन्यांपेक्षा आणि शेवटच्या वर्षातील ९० दिवसांपेक्षा अधिक चालत नाही. अर्ज मंजूर होताना सर्वसाधारण अर्जदार ऑस्ट्रेलियात हजर असावा लागतो.

मीरा-भाईंदरमधून परदेशी गेलेल्यांपैकी आखाती देशांत नोकरी करणाऱ्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही. तेथे नागरिकीकरण अत्यंत विरळ असल्याने दोन-तीन दशके राहूनही माणूस भारतीय नागरिक म्हणूनच परततो.

भारतीय कायद्यातील स्थिती

परदेशी नागरिकत्वासाठी नुसता अर्ज केल्याने भारतीय नागरिकत्वावर कोणताही परिणाम होत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व प्राप्त केल्यास त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्यासाठी त्याने वेगळा त्यागपत्राचा अर्ज करण्याची गरज नसते. संविधानाच्या अनुच्छेद ९ मध्येही हेच तत्त्व आहे. ग्रीन कार्ड वा अन्य स्थायी निवास परवाना म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यामुळे शपथेच्या क्षणापर्यंत अर्जदार पूर्णार्थाने भारतीय नागरिक असतो.

याचे व्यावहारिक अर्थ अनेक आहेत. प्रलंबित काळात भारतीय पासपोर्ट वैध ठेवावा लागतो आणि मुदत संपल्यास भारतीय दूतावासाकडून तो नवा करून घ्यावा लागतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मध्ये २०१० च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम २०-अ नुसार अशा व्यक्तीस पासपोर्टवरील भारतातील पत्त्याच्या मतदारसंघात नमुना ६-अ भरून अनिवासी मतदार म्हणून नाव नोंदवता येते. मीरा-भाईंदर विधानसभा मतदारसंघाचा (क्रमांक १४५) रहिवासी असा मतदार होऊ शकतो. मात्र मतदानासाठी मूळ पासपोर्टसह स्वतः मतदान केंद्रावर यावे लागते. शपथ घेताच हा हक्क संपतो.

शपथेनंतर भारतीय पासपोर्ट वापरणे हा पासपोर्ट कायदा, १९६७ खाली अपराध ठरतो. तो भारतीय दूतावासात जमा करून प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यानंतर विदेशस्थ भारतीय नागरिक अर्थात ‘ओसीआय’ कार्डासाठी अर्ज करता येतो. २००५ मध्ये सुरू झालेली ही योजना नावात नागरिकत्व असले तरी दुहेरी नागरिकत्व देत नाही. आजीव व्हिसा व काही आर्थिक सवलती देते. शपथ आणि ओसीआय कार्ड यांमधला काळ विशेष नाजूक असतो. जुना पासपोर्ट निरुपयोगी झालेला असतो, नवा हाती यायचा असतो आणि कार्ड मिळालेले नसते. याच दरम्यान घरी काही बरेवाईट घडले, तर आपल्याच गावी येण्यासाठी परदेशी म्हणून व्हिसा काढावा लागतो. अंत्यविधीला पोचता न आल्याची खंत ज्या कुटुंबांत बोलली जाते, त्यांपैकी काहींच्या मुळाशी हे आठवडे असतात.

कोविड-१९ च्या साथीत हे सर्व ताण एकाच वेळी दिसून आले. भारताने १३ मार्च २०२० पासून ओसीआय कार्डधारकांची व्हिसाविना प्रवासाची सवलत स्थगित केली व पुढे ती टप्प्याटप्प्याने शिथिल केली. २३ मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा बंद झाली, ती २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. अमेरिकेतही १८ मार्च २०२० पासून काही आठवडे मुलाखती व शपथविधी थांबले होते. भारतात अडकलेल्या अर्जदारांचा सहा महिन्यांचा काळ मात्र पुढे सरकतच होता.

मुलांविषयीचे नियमही याच काळाशी निगडित आहेत. अर्ज प्रलंबित असताना भारतीय आईवडिलांना परदेशात मूल झाले, तर कलम ४ नुसार एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्माची नोंद करून आणि मुलाकडे अन्य देशाचा पासपोर्ट नसल्याचे घोषित करून त्याला वंशाने भारतीय नागरिकत्व मिळवून देता येते. आईवडिलांनी परदेशी नागरिकत्व घेतल्यानंतर मुलांना सज्ञान झाल्यावर भारतीय नागरिकत्व परत घेता येते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की परदेशी नागरिकत्व स्वीकारल्यामुळे आपोआप संपलेले नागरिकत्व हे कलम ८ खालील त्याग नव्हे. म्हणून त्यागकर्त्यांच्या मुलांसाठी असलेली पुनःप्राप्तीची तरतूद अशा मुलांना लागू होत नाही.

भारताच्या नागरिकत्वासाठीचे अर्जदार

भारतात नागरिकीकरणासाठी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार अर्जापूर्वीचे १२ महिने सलग आणि त्याआधीच्या १४ वर्षांत एकूण ११ वर्षे वास्तव्य लागते. नागरिकत्व (सुधारणा) कायदा, २०१९ ने अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींसाठी ही ११ वर्षांची अट पाच वर्षांवर आणली. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी लागू झाले. भारतीय वंशाच्या व्यक्ती आणि भारतीय नागरिकांचे जोडीदार यांना कलम ५ खाली नोंदणीने अर्ज करता येतो. त्यासाठी सात वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. बारा महिन्यांच्या सलग वास्तव्यातील लहानसा खंडही पूर्वी अडसर ठरत असे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विशेष परिस्थितीत, लेखी कारणे नोंदवून, एकूण ३० दिवसांपर्यंतची सूट केंद्र सरकार देऊ शकते. नागरिकीकरणासाठी संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान आवश्यक असते आणि मराठी ही त्यांपैकी एक आहे.

मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात असल्याने तेथील रहिवाशांच्या नेहमीच्या मार्गाच्या अर्जांवर पहिली कार्यवाही ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे होते. तेथून अर्ज राज्य शासन व मग केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. तोवर अर्जदार कायद्याने परदेशी नागरिकच राहतो आणि त्याला व्हिसा वैध ठेवावा लागतो. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नसल्याने मूळ नागरिकत्व सोडावे लागते. मूळ देशाने त्यागाचा दाखला देण्यास विलंब केला, तर अर्जदार अधांतरी राहतो.

मुंबईत राहणारे गायक अदनान सामी यांचे प्रकरण या संदर्भात परिचित आहे. ते २००१ मध्ये पाकिस्तानी पासपोर्टवर भारतात आले. मे २०१५ मध्ये त्यांच्या पासपोर्टची मुदत संपली आणि पाकिस्तानने तो नवा करून दिला नाही. त्यानंतर १ जानेवारी २०१६ पासून त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले. अभिनेते अक्षय कुमार यांचा प्रवास वेगळा आहे. कॅनडाचे नागरिकत्व घेतल्यामुळे त्यांचे भारतीय नागरिकत्व संपले होते. ते १५ ऑगस्ट २०२३ रोजी पुन्हा भारतीय नागरिक झाल्याचे जाहीर झाले. त्याआधी महाराष्ट्राशी आयुष्य जोडून घेणाऱ्यांत मूळच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांचे नाव अग्रक्रमाने येते. महात्मा फुले यांच्या चळवळीवर संशोधन करणाऱ्या ऑम्व्हेट सांगली जिल्ह्यातील कासेगाव येथे स्थायिक झाल्या आणि १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या.

पोर्तुगीज राष्ट्रीयत्व : गोवा आणि उत्तन

पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाचा प्रश्न कोकण किनाऱ्यावर वेगळ्या रूपात आढळतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्या व्यक्ती पोर्तुगीज कायद्यानुसार जन्माची नोंद लिस्बनमध्ये करवून राष्ट्रीयत्व सिद्ध करू शकतात. १९८१ च्या पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायद्याखाली त्यांच्या मुलांनाही हा मार्ग उपलब्ध आहे. येथे वास्तव्याची अटच नसल्याने अर्जदार संपूर्ण प्रलंबित काळ गोव्यात किंवा मुंबईच्या उपनगरांत काढू शकतो. अडचण येते ती भारतीय बाजूने. केवळ जन्मनोंदणी म्हणजे ‘स्वेच्छेने नागरिकत्व घेणे’ होते का, यावर गोव्यात दीर्घकाळ वाद आहे. अशा काही गोमंतकीयांचे भारतीय पासपोर्ट रद्द झाल्याने त्यांना जमा प्रमाणपत्र मिळेना आणि त्याविना ओसीआय कार्डही मिळेना. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट रद्द केल्याचा दाखला पर्याय म्हणून ग्राह्य धरण्याची मुभा दिली.

मीरा-भाईंदरच्या पश्चिम किनाऱ्यावरील उत्तन, पाली, चौक व डोंगरी या गावांतील ख्रिस्ती समाजाची आडनावे पोर्तुगीज वळणाची आहेत. त्यामुळे त्यांनाही हाच हक्क असावा, असा समज कधीकधी होतो. तो चुकीचा आहे. वसई प्रांतावरील पोर्तुगीज सत्ता चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ मध्ये संपली, तर गोव्यातील १९६१ पर्यंत टिकली. पोर्तुगीज कायदा आडनाव वा धर्म पाहत नाही; जन्मस्थान आणि त्या वेळी तेथे असलेली सत्ता पाहतो. मीरा रोड येथे राहणाऱ्या परंतु आईवडिलांचा जन्म १९६१ पूर्वी गोव्यात झालेल्या व्यक्तीस अर्ज करता येतो. उत्तनच्या मूळ कोळी कुटुंबास केवळ त्या गावच्या पोर्तुगीज इतिहासाच्या आधारे तो करता येत नाही.

कागदपत्रे आणि स्थानिक यंत्रणा

परदेशात अर्ज प्रलंबित असताना मूळ गावातील कागदपत्रांची पुन्हा गरज पडते. भारत २००५ मध्ये हेग येथील अपोस्टिल कराराचा सदस्य झाल्यापासून जन्म व विवाहाचे दाखले अपोस्टिल करून सदस्य देशांत वापरता येतात. मीरा-भाईंदर नगरपरिषद १२ जून १९८५ रोजी काही ग्रामपंचायती एकत्र करून स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. त्यामुळे १९८५ पूर्वी येथे जन्मलेल्या अर्जदाराच्या जुन्या दाखल्यावर आज अस्तित्वात नसलेल्या ग्रामपंचायतीचे नाव असू शकते. परदेशी अधिकाऱ्यास हा बदल ठाऊक नसतो आणि दाखल्यावरील गाव पासपोर्टवरील शहराशी जुळत नसल्याची हरकत निघू शकते. महानगरपालिकेकडून नवा दाखला आधीच घेऊन ठेवल्यास हा प्रश्न टळतो.

पोलीस पडताळणीबाबतही असाच बदल झाला आहे. पूर्वी हा भाग ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत होता. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. परदेशातील भारतीय अर्जदारास चारित्र्य पडताळणीचा दाखला हवा असल्यास तो भारतीय दूतावासामार्फत मागता येतो आणि आवश्यक तेथे पासपोर्टवरील पत्त्यानुसार स्थानिक पोलिसांकडून पडताळणी केली जाते. घर बदललेल्या, विशेषतः पुनर्विकासासाठी इमारत पाडली गेलेल्या, कुटुंबांच्या बाबतीत जुन्या पत्त्यावर कोणी न सापडल्याने ही पडताळणी रखडू शकते.